घडण आणि मोड

यंत्रयुगाविषयी बोलताना दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. एका पक्षाच्या मते नवे यंत्र आले की कष्ट वाचतात, माल स्वस्त होतो आणि धूर व कचराही यथाकाल कमी होतो. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रत्येक नव्या यंत्राबरोबर पृथ्वीच्या पोटातले काहीतरी अधिकच उपसले जाते. दोन्ही पक्ष यंत्राबद्दल बोलतात. त्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या वस्तूबद्दल फारसे कोणी बोलत नाही. वस्तू किती धातू खाते, किती वर्षे टिकते, बिघडली तर दुरुस्त होते की नाही, आणि आयुष्य संपल्यावर तिचे काय होते, हे प्रश्न विचारल्यावाचून या वादाचा निकाल लागणार नाही. म्हणून साऱ्या कारखानदारीचा पसारा न मांडता आपण एकच धंदा घेऊ आणि नव्या तंत्राने त्यात काय बदलले ते पाहू. तो धंदा म्हणजे ओतकामाचा.

ओतकाम आपल्या परिचयाचे आहे, फक्त आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही. स्वयंपाकघरातला बिडाचा तवा, रस्त्यावरच्या गटाराचे झाकण, विहिरीवरचा पंप, ट्रॅक्टरच्या एंजिनाचा ठोकळा या साऱ्या वस्तू ओतून केलेल्या असतात. रीत फार जुनी आहे. हव्या त्या आकाराचा लाकडी किंवा धातूचा नमुना करावयाचा. कारागीर त्याला पॅटर्न म्हणतात. तो ओलसर वाळूत दाबून ठसा घ्यावयाचा, नमुना अलगद काढून घ्यावयाचा, आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. वस्तू आतून पोकळ हवी असेल तर वाळूचाच एक गाभा मध्ये बसवावयाचा. रस थिजला की साचा फोडून वस्तू बाहेर काढली जाते.

या धंद्याला भंगाराचे वावडे नाही, उलट भंगार हाच त्याचा मोठा आधार. आपल्याकडे जुनी पितळेची भांडी मोडीत देऊन नवी घेण्याची चाल होती. त्या व्यवहारात एक शहाणपण होते: वस्तू मोडली तरी तिचे मोल संपत नाही, ती नव्या घडणीचा आरंभ ठरते. बिडाचेही तसेच आहे. फुटलेला पंप भट्टीत गेला की त्याचा नवा पंप होऊ शकतो. आज ज्याला पुनर्वापर म्हणून गौरविले जाते, ते ओतशाळेत पूर्वापार चालत आले आहे.

आता नवे काय आले ते क्रमाने पाहू. पहिला बदल भट्टीचा. जुनी भट्टी ती क्युपोला. ही एक उंच नळकांडी. तिच्यात कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थरावर थर टाकावयाचे आणि खालून हवेचा झोत सोडावयाचा. एक टन बीड वितळवण्यास साधारणतः १०० ते १५० किलो कोक लागतो, आणि धुरातून काजळी व गंधकाचे वायू बाहेर पडतात. तिची जागा आता पुष्कळ ठिकाणी विजेच्या प्रवर्तन-भट्टीने घेतली आहे. हिच्यात ज्वाळा नाही. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट विद्युत्प्रवाह सोडला की आतल्या धातूतच प्रवाह निर्माण होतात आणि धातू आपल्याच अंगच्या उष्णतेने वितळतो. रसाचे तापमान आणि घटक हवे तसे राखता येतात, कारागिराच्या छातीत धूर जात नाही.

पण हिशेब येथे पुरा होत नाही. या भट्टीला टनामागे सुमारे ५५० ते ६०० युनिट वीज लागते. भारतातील बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते, आणि एका युनिटामागे औष्णिक केंद्रात अर्धा ते पाऊण किलो देशी कोळसा जळतो. म्हणजे टनभर बिडामागे दूर कुठेतरी ३०० ते ४५० किलो कोळसा खर्ची पडतो. आपल्या कोळशात राख पुष्कळ, त्यामुळे कोकशी त्याची वजनास वजन तुलना करता येणार नाही. तथापि धूर नाहीसा झाला असे म्हणण्यापेक्षा तो गावाबाहेर गेला असे म्हणणे अधिक खरे. वीज सूर्यापासून वा वाऱ्यापासून येऊ लागेल त्या प्रमाणात ही भट्टी खरोखर निर्मळ होत जाईल. तिला तो मार्ग मोकळा आहे. कोकवर चालणाऱ्या क्युपोलाला तो नाही.

दुसरा बदल वाळूचा. जुन्या पद्धतीत वाळूत चिकणमाती, पाणी आणि थोडी कोळशाची भुकटी मिसळीत. ही वाळू पुनःपुन्हा वापरता येते. पुढे अवघड आकारांसाठी वाळू रासायनिक राळेने बांधण्याची रीत आली. साचा दगडासारखा घट्ट होतो, वस्तूचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो. परंतु राळ चढलेली वाळू जशीच्या तशी परत वापरता येत नाही. ती घासून किंवा तापवून राळ काढावी लागते. हे यंत्र ज्याच्याकडे नाही, त्याच्या आवाराबाहेर काळ्या वाळूचे ढीग साठतात आणि नवी वाळू नदीतून वा खाणीतून आणावी लागते. साचा सुधारला, पण सुधारणेबरोबर नवा कचराही जन्माला आला. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन होणारा सिलिकोसिस हा तर या धंद्याचा जुना शत्रू.

तिसरा बदल मात्र डोळ्यांना न दिसणारा आणि सर्वांत मोलाचा आहे. तो भट्टीत झाला नाही, आराखड्याच्या मेजावर झाला. धातू थिजताना आकसतो. शेवटी थिजणाऱ्या जागी रस अपुरा पडला तर आत पोकळी राहते आणि वस्तू वाया जाते. म्हणून साच्यात रसाचे जादा साठे ठेवतात. कारागीर त्यांना रायझर म्हणतात. वस्तू तयार झाली की हे साठे आणि रस वाहून आणणाऱ्या वाटा कापून पुन्हा भट्टीत टाकतात. समजा, ६० किलोच्या वस्तूसाठी १०० किलो रस ओतला, तर ४० किलो धातू वितळवण्याची वीज फुकट गेली. पूर्वी रायझर कोठे आणि केवढा ठेवावा हे अनुभवी मिस्त्री अंदाजाने ठरवी, आणि चुकले तर ओतून पाहणे, कापून पाहणे, पुन्हा ओतणे असा क्रम चाले. आता संगणकाच्या पडद्यावर रस कसा वाहील आणि कोणत्या जागी शेवटी थिजेल हे आधीच पाहता येते. मुंबईच्या आय. आय. टी.त प्रा. बी. रवी यांनी ऑटोकास्ट ही अशीच संगणक-प्रणाली विकसित केली. जो दोष कागदावरच खोडता येतो, त्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही.

याच्या जोडीला दोन गोष्टी आल्या. एक धातूची. १९४३ साली कीथ मिलिस या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाला असे आढळले की, रसात अगदी थोडे मॅग्नेशियम मिसळले तर बिडातील ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपाने थिजते आणि ठिसूळ बीड चिवट बनते. त्यामुळे तेच काम पातळ आणि हलक्या वस्तूकडून होऊ लागले. दुसरी गोष्ट छपाईची. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत एमॅन्युएल सॅक्स आणि त्यांचे सहकारी यांनी भुकटीचे पातळ थर पसरून त्यांवर हव्या त्या जागीच चिकट द्रव फवारण्याची युक्ती काढली. १९९३ साली तिला पेटंट मिळाले. या रीतीने वाळूचा साचा पॅटर्नवाचूनच थरावर थर रचून छापता येतो. एखाद्या जुन्या पंपाचा एकच सुटा भाग हवा असेल, तर त्यासाठी नवा नमुना घडवण्याचा खर्च वाचतो. छपाईचा साचा महाग असतो, हजारो नग काढायचे असतील तर जुनी रीतच परवडते. परंतु बाजारातून नाहीशा झालेल्या यंत्राचा भाग पुन्हा मिळू शकणे ही दुरुस्तीच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

येथवर पाहिले ते वस्तू कशी घडते याविषयी. आता ती कशी मोडते याकडे वळू, कारण नव्या तंत्राची खरी कसोटी तेथे लागते. टेस्ला कंपनीने २०२० नंतर मॉडेल वाय या विजेवरच्या मोटारीचा मागचा सांगाडा प्रचंड यंत्रावर ॲल्युमिनियमचा एकसंध ओतण्यास आरंभ केला. पूर्वी त्या जागी सुमारे ७० सुटे भाग जोडावे लागत. २०२३ साली टोयोटानेही ८६ भागांच्या जागी एकच ओतीव भाग वापरण्याचा बेत जाहीर केला. कारखान्याच्या दृष्टीने यात लाभच लाभ: जोड कमी, श्रम कमी, जागा कमी. परंतु अपघातात सत्तरांपैकी दोन भाग चेपले तर तेवढेच बदलता येतात. एकसंध ओतीव भागाला खोल तडा गेला तर ठोकून सरळ करणे किंवा ठिगळ लावणे अवघड होते. कारखान्यात जे सोपे झाले ते गॅरेजात कठीण झाले.

याच्या शेजारी एक जुनी वस्तू ठेवून पाहावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी प्रथम ते घेण्यास धजत नव्हता. पुढे तोच नांगर त्याने आपला मानला. लोखंडी नांगराच्या घडणीतच दुरुस्तीची सोय असते. जमिनीशी घासून झिजतो तो फाळ. तो सुटा असतो. झिजला की तेवढाच बदलावयाचा, नांगर तोच राहतो. कोणता भाग आधी झिजणार हे ओळखून तो सुटा ठेवणे, हा आराखड्यातील विवेक होय. एकसंध घडण नेहमीच वाईट असे नाही. जेथे झीज नाही तेथे ती उत्तमच. प्रश्न आहे तो हा विवेक शिल्लक आहे की नाही याचा. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून धुलाईयंत्र, दूरचित्रवाणी-संच अशा काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले, ते याच विचाराने.

आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. १८६५ साली इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने दाखवून दिले की, वाफेचे एंजिन काटकसरी झाले तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट अधिक खपला. कारण एंजिन स्वस्त पडू लागताच ते जागोजागी बसले. एका नगामागची बचत आणि एकंदर बचत या दोन भिन्न गोष्टी आहेत. अर्ध्या धातूत वस्तू झाली, पण ती अर्ध्या आयुष्यात फेकली गेली, तर हाती काय उरले?

हा विचार महाराष्ट्राला दूरचा नाही. कोल्हापूर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्या उसाच्या चरकापासून ऑइल एंजिनापर्यंत आणि तेथून मोटारीच्या भागांपर्यंत वाढत आल्या. विजेवरच्या मोटारीला एंजिनाचा ठोकळा लागत नाही, सिलिंडर-हेड लागत नाही. ब्रेकच्या चकत्या, चाकांचे आधार, मोटारीची कवचे, पंप आणि व्हॉल्व्ह हे काम राहणार. पण ज्यांचा संसार एंजिनाच्या ओतकामावर चालतो, त्यांना नवे काम शिकावेच लागेल. येथे यंत्र विकत घेणे हा सोपा भाग आहे. वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा सांगणारा मोल्डर आणि पडद्यावर रसाचा प्रवाह पाहणारा तरुण इंजिनिअर यांना एका मेजाशी बसवणे, हा अवघड भाग आहे. लहान फौंड्रीला वाळू शुद्ध करण्याचे यंत्र एकटीला परवडत नसेल, तर अनेकांनी मिळून ते बसवणे शक्य आहे. ज्या भागात साखर कारखाने सहकारावर उभे राहिले, तेथे ही कल्पना कोणाला परकी वाटू नये.

तेव्हा नव्या तंत्राचे स्वागत करताना त्याला चार प्रश्न विचारावेत. धातू किती वाचला? धूर खरोखर संपला की फक्त दूर गेला? जो भाग आधी झिजणार तो सुटा बदलता येतो काय? आणि अखेर वस्तू मोडीत निघेल तेव्हा तिचा धातू पुन्हा त्याच तोलाच्या कामी येईल काय? या शेवटच्या प्रश्नाचे मोल मोठे आहे. भंगारातून ॲल्युमिनियम वितळवण्यास खनिजापासून ते काढण्याच्या सुमारे वीसाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा लागते. पण निरनिराळे मिश्रधातू एकत्र जखडले असतील तर तो लाभ बराचसा हातचा जातो. या प्रश्नांची उत्तरे वस्तू मोडते त्या दिवशी ठरत नाहीत. ती आराखडा आखला जातो त्या दिवशीच ठरून जातात. म्हणून घडणाऱ्याने मोडीचा विचार आधी करावा, आणि विकत घेणाऱ्याने तो त्याला करावयास लावावा.