लुगडे गेले, गिऱ्हाईक राहावे म्हणून

रोहिणखेडच्या आमच्या दुकानात एके काळी मालेगावच्या रंगीत सुती लुगड्यांची थप्पी लागलेली असे. मालेगावात 1930 च्या दशकापासून यंत्रमाग आले आणि माल स्वस्त झाला. पुढे पॉलिएस्टरच्या पाचवारी साड्या आल्या. हलक्या, लवकर वाळणाऱ्या. मग तिथल्या अनेक मागांवर लुगड्याऐवजी कोरे कापड निघू लागले.

विणकर बांधवांनी माल बदलला, पण तो खपवायचा दुकानदाराने! नवे लुगडे दाखवले की पहिला सवाल, "भाई, जुन्यासारखं टिकंल का?" मी "तसंच आहे" म्हणून विकत गेलो. ही माझी चूक. दोन धुण्यांत फरक कळतो. एका आजीला पैसे परत दिले, पण तिच्या सुना पुन्हा दुकानात आल्या नाहीत. आता घडी उलगडतानाच सांगतो, यात पॉलिएस्टर आहे.

नंतर फॉल-पिको आणि शिलाई सुरू केली. हा धंदा आणखी अवघड. कापड हाताने चाचपता येते, शिलाई येत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजते ते आपल्या वायद्यावर. पहिल्याच रमजानात कारागिराला न विचारता मी चाळीस जोड घेतले. चांदरातीला अकरा अपुरे! त्या पोरांचे चेहरे अजून आठवतात.

आता कारागीर स्वतः वहीत मांडेल तेवढेच काम घेतो आणि विसाव्या रोजानंतर वही बंद. आलेले गिऱ्हाईक परत पाठवतो म्हणून शेजारी हसतात. गेल्या ईदला मात्र सगळे जोड दोन दिवस आधी तयार होते.