डबल डेकर बस शहराला परवडते का? एका साध्या प्रश्नाचा संशोधन प्रश्न होताना



पेट किंवा नेट झाली, आता पीएच.डी.ची मुलाखत समोर आहे आणि विषयही डोक्यात आहे. तरी सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिल्या पानावरच गाडी अडते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच होतं, माझंही झालं होतं. म्हणून आज माझ्याच एका फसलेल्या सिनॉप्सिसची गोष्ट सांगते. विषय होता डबल डेकर बस.

मुंबईत डबल डेकर १९३७ साली आली. १५ सप्टेंबर २०२३ ला रोजच्या प्रवासी सेवेतली शेवटची जुनी डिझेल डबल डेकर अंधेरी पूर्वेत धावली. लोकांनी ती सजवली, फोटो काढले, काहींचे डोळे पाणावले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेस्टने वातानुकूलित इलेक्ट्रिक डबल डेकर रस्त्यावर आणली होती. वरच्या मजल्यावरच्या अगदी पुढच्या सीटसाठी मीही लहानपणी जिन्यावरून धावत सुटायचे. त्यामुळे विषय मला मनापासून आवडलेला. शीर्षक दिलं, 'मुंबई शहरासाठी डबल डेकर बसची उपयुक्तता'. मुद्दा एका ओळीचा होता: रस्त्यावर तेवढीच जागा, प्रवासी दीडपट, म्हणून डबल डेकर चांगली.

सरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "उपयुक्त कोणाला? बस चालवणाऱ्या संस्थेला, रस्त्याला, की स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आली. पण त्या एका प्रश्नामुळे मला विषय पहिल्यांदा समजायला लागला.

पहिली पायरी: मोजायचं काय?

'एका बसमध्ये किती माणसं मावतात' हे मोजणं सोपं असतं, म्हणून आपण तेच मोजतो. पण शहराला बस मोजून काय करायचंय? त्याला हवं असतं ते म्हणजे एका तासात एका मार्गावरून किती माणसं गेली, त्यांचा एकूण किती वेळ गेला आणि त्यासाठी खर्च किती आला. एकूण वेळ म्हणजे स्टॉपवर थांबण्याचा आणि बसमध्ये बसल्यानंतरचा, दोन्ही मिळून.

एकक बदललं की उत्तर कसं बदलतं, ते आकड्यांतच पाहू. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, सर्वेक्षणातले नाहीत. साध्या बसमध्ये ६० आणि डबल डेकरमध्ये ९० प्रवासी धरा.

एका गर्दीच्या मार्गावर तासाला १,२०० प्रवासी आहेत. साध्या बस लागतील २०, म्हणजे दर ३ मिनिटांनी एक. डबल डेकर लागतील साधारण १३, म्हणजे दर साडेचार मिनिटांनी एक. बस ठरावीक अंतराने येत असतील तर प्रवासी सरासरी त्या अंतराच्या निम्मा वेळ थांबतो. म्हणजे एकीकडे दीड मिनिट, दुसरीकडे सव्वादोन. फरक ४५ सेकंदांचा, आणि बदल्यात सात बस आणि सात ड्रायव्हर वाचले.

आता उपनगरातला एखादा आतला मार्ग घ्या. तासाला फक्त १८० प्रवासी. साध्या बस ३, दर २० मिनिटांनी. डबल डेकर २, दर अर्ध्या तासाने. सरासरी थांबणं १० मिनिटांवरून १५ वर गेलं. वाचली एक बस, आणि १८० माणसांचा प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे एकूण १५ तास वेळ दर तासाला स्टॉपवर वाया गेला. संस्थेच्या हिशेबात एक बस वाचलेली दिसते. हे १५ तास कोणत्याच वहीत चढत नाहीत, कारण ते प्रवाशाच्या खिशातून जातात.

आणि हे सगळं बस वेळेवर आल्या तर. समजा वेळापत्रक दर ५ मिनिटांचं आहे. बस नीट आल्या तर सरासरी थांबणं अडीच मिनिटं. पण ट्रॅफिकमुळे एक बस १ मिनिटाने आणि पुढची ९ मिनिटांनी, असं चालू राहिलं तर? बसची संख्या तीच, तरी सरासरी थांबणं ४.१ मिनिटं होतं. कारण साधं आहे, जास्त माणसं लांबच्या अंतरातच स्टॉपवर येतात. बस मुळातच कमी असतील तर एक फेरी रद्द झाल्याचा चटका आणखी मोठा बसतो.

दुसरी पायरी: आधी कोणी विचार केलाय?

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे पन्नास पेपरांची यादी असं बऱ्याच जणांना वाटतं. मला मात्र दोन पेपरांनीच वाट दाखवली. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवलं की बससेवेत प्रवाशाचा थांबण्याचा वेळ हा खर्च म्हणूनच धरायला हवा. तो धरला की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात आणि प्रत्येकाचं थांबणं कमी होतं.

त्याच्या साध्या मॉडेलमधून वर्गमुळाचा नियम निघतो. मागणी चौपट झाली तर बस चौपट करायच्या नाहीत आणि बस चौपट मोठीही करायची नाही. फेऱ्या दुप्पट करायच्या आणि बसचा आकार दुप्पट. म्हणजे मोठी बस हवीच, पण मागणी बरीच वाढल्यावर, आणि फेऱ्या वाढवत वाढवत.

१९८० मध्ये यान ओवेन यान्सन यांनी असंच मॉडेल घेऊन निष्कर्ष काढला की प्रवाशाचा वेळ हिशेबात धरला तर प्रत्यक्षात चालवल्या जाणाऱ्या बसपेक्षा छोट्या आणि जास्त वेळा येणाऱ्या बस बऱ्याचदा योग्य ठरतात.

इथे एक सावधगिरी बाळगायची. हे निष्कर्ष युरोप-अमेरिकेतल्या पगारांवर आणि रस्त्यांवर उभे आहेत. सूत्र उचलायला हरकत नाही, त्यातले आकडे उचलायचे नाहीत. ड्रायव्हरचा पगार, प्रवाशाच्या वेळेची किंमत, बसची किंमत हे सगळं आपल्या शहरातलं घालावं लागतं. मुलाखतीत 'हे मॉडेल भारताला लागू होतं का?' असं विचारलं, तर 'हो' किंवा 'नाही' म्हणण्यापेक्षा कोणता आकडा बदलेल आणि त्याने उत्तर कुठल्या बाजूला झुकेल, ते सांगा.

तिसरी पायरी: स्टॉपवर जाऊन उभं राहा

मी संख्याशास्त्रातून आलेली. कागदावर सगळं जमलं होतं. मग सरांनी स्टॉपवॉच घेऊन बस स्टॉपवर पाठवलं. तिथे कळलं की आपल्या मॉडेलमध्ये दरवाजाच नाही.

बस स्टॉपवर किती वेळ थांबते, हे किती माणसं चढतात-उतरतात आणि प्रत्येकाला किती सेकंद लागतात यावर ठरतं. आता स्टॉप म्हणजे तिकीट खिडकी समजा, एका वेळी एकच बस उभी राहू शकते. पुन्हा समजण्यापुरते आकडे घेऊ. आधीची बस निघून पुढची लागेपर्यंत १५ सेकंद जातात. साध्या बसमध्ये १२ जण चढतात, प्रत्येकी २ सेकंद. एकूण ३९ सेकंद. तासाला साधारण ९२ बस, म्हणजे सुमारे १,१०७ प्रवासी त्या स्टॉपवरून चढू शकतात.

डबल डेकरमध्ये दीडपट, म्हणजे १८ जण चढतात. पण जिन्यापाशी गर्दी तुंबते, वर जायचं की खाली थांबायचं याचा गोंधळ होतो, म्हणून प्रत्येकी अडीच सेकंद धरू. एकूण ६० सेकंद. तासाला ६० बस, प्रवासी १,०८०.

बस दीडपट मोठी केली आणि स्टॉपवरून चढणारे प्रवासी घटले!

आता दरवाजे आणि जिने नीट केले आणि वेळ परत २ सेकंदांवर आणला तर? तासाला साधारण १,२७० प्रवासी. फायदा आहे, पण १५ टक्क्यांच्या आसपास, ५० टक्के नाही. म्हणजे सगळा प्रश्न दरवाजा, जिना आणि तिकीट कसं काढतात इथे येऊन ठेपतो. मुंबईच्या जुन्या डबल डेकरमध्ये दोन मजल्यांना दोन कंडक्टर लागायचे. त्याने खर्च वाढायचा, पण तिकिटासाठी दरवाज्यात रांग लागायची नाही. एक कंडक्टर कमी केला की पगार वाचतो आणि तो वेळ दुसरीकडे कुठेतरी मोजावा लागतो.

स्टॉपवर उभं राहून आणखी एक गोष्ट दिसली. दोन स्टॉपनंतर उतरणारा माणूस वर जात नाही. पिशव्या घेतलेल्या काकू जात नाहीत, गुडघे दुखणारे आजोबा तर नाहीतच. खाली लोक चेंगरलेले आणि वर सीट रिकाम्या, हे दृश्य त्यामुळेच दिसतं. मग कागदावरचे ९० प्रवासी प्रत्यक्षात कमी होतात. किती कमी, ते लोक सरासरी किती लांब जातात यावर अवलंबून. हाँगकाँगमध्ये डबल डेकरच जास्त दिसतात. तिथे दाट वस्ती आहे आणि दूरच्या नव्या वसाहतींतून शहरात येणारे लांबचे प्रवासही आहेत, त्यामुळे जिना चढणं वसूल होतं.

चौथी पायरी: आपल्याला न पटणारं उदाहरण शोधा

डबल डेकर म्हटलं की लंडन डोळ्यांसमोर येतं. पण त्याच लंडनने २००० च्या दशकात काही मार्गांवर १८ मीटर लांबीच्या जोडबस आणल्या होत्या. कारण दरवाजे जास्त, जिना नाही, चढ-उतर पटापट. पुढे त्यांच्यावर टीका झाली. चौकात अडकतात, सायकलवाल्यांना धोका, फुकटे प्रवासी वाढतात. डिसेंबर २०११ मध्ये त्या बंद झाल्या.

२०१२ मध्ये नवी रूटमास्टर डबल डेकर आली. तिला तीन दरवाजे आणि दोन जिने दिले होते, म्हणजे जोडबसचा गुण डबल डेकरमध्ये आणायचा प्रयत्न. पण २०२० मध्ये फुकट्या प्रवाशांच्या कारणावरून तिच्यातही फक्त पुढच्या दरवाज्याने चढायचा नियम आला. यात कोण जिंकलं, ते विचारू नका. वेग, जागा आणि तिकीट वसुली या तिन्ही गोष्टी एकमेकांना ओढतात, आणि कोणतीही बस निवडली तरी ही ओढाताण संपत नाही, एवढं यातून घ्या.

मग मुंबईचं काय?

बेस्टची पहिली इलेक्ट्रिक डबल डेकर सीएसएमटी ते एनसीपीए या मार्गावर सुरू झाली. वरवर पाहता प्रवास छोटा, म्हणजे आत्ताच सांगितलेल्या मुद्द्याच्या उलट. पण मार्ग नीट बघा. लोकल येते, एकदम शेकडो माणसं बाहेर पडतात. बस सुरुवातीच्या ठिकाणीच उभी असते. तिथे भरायला दोन मिनिटं जास्त लागली तरी मागच्या वाहतुकीला फारसा अडथळा होत नाही. सकाळी बहुतेक जण ऑफिसांच्या भागातच उतरणार. मधल्या स्टॉपवर चढ-उतर कमी, त्यामुळे वर गेलेला माणूस निवांत खाली येऊ शकतो. स्टेशन ते ऑफिसांचा पट्टा, अशा प्रकारच्या मार्गावर डबल डेकरचं गणित बसू शकतं.

याउलट दर दोनशे मीटरवर स्टॉप, चढ-उतर सतत, फेऱ्या आधीच कमी, आणि वर झाडांच्या फांद्या, केबल, स्कायवॉक. नियमाप्रमाणे डबल डेकरची उंची ४.७५ मीटरपर्यंत असू शकते, हेही विसरू नका. अशा मार्गावर त्याच पैशात दोन छोट्या बस मिळत असतील तर त्या जास्त लोकांच्या कामी येतील.

शेवटी माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक बदललं. आता प्रश्न असा आहे: प्रवाशांची मागणी, सरासरी प्रवासाची लांबी आणि मधल्या स्टॉपवरची चढ-उतर, या तीन गोष्टींच्या कोणत्या मर्यादेत डबल डेकर साध्या बसपेक्षा प्रवासी आणि संस्था दोघांचा मिळून खर्च कमी करते? ऐकायला रुक्ष आहे, मान्य. पण याचं उत्तर मोजता येतं आणि ते चुकीचंही ठरू शकतं. पहिल्या शीर्षकाचं उत्तर मी लिहायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

तुम्हीही एक करून बघा. तुमच्या विषयाचं शीर्षक कागदावर लिहा आणि त्याखाली तीन ओळी लिहा. कोणासाठी? कोणत्या एककात? आणि काय दिसलं तर माझं म्हणणं चूक ठरेल? तिसरी ओळ रिकामी राहिली तर अजून सिनॉप्सिस टाइप करू नका. आधी तुमच्या विषयाच्या बस स्टॉपवर जाऊन तासभर उभे राहा.

मला पुढची सीट अजूनही आवडते. फक्त आता बस स्टॉपवर आली की आधी हात घड्याळाकडे जातो.