म्हैसूरची कॉफी : पारखून घ्या, चवीने प्या

म्हैसूरला गेलेली मंडळी रेशमी साडी, चंदनाचा साबण आणि म्हैसूरपाक पारखून आणतात. कॉफी मात्र दुकानदार देईल ती घेतात. मग कॉफीचे पैसे मोजूनही पुष्कळदा पिशवीत बरीचशी चिकोरीच येते!

चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. तिने काढा दाट आणि काळा होतो, पण कॉफीचा सुगंध दबतो. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी आणि प्रमाण पाकिटावर छापावे, असा नियम आहे. ते वाचूनच घ्या.

उंची प्रकारांत मानाचे नाव ‘म्हैसूर नगेट्स एक्स्ट्रा बोल्ड’. नाव म्हैसूरचे, बागा मात्र कूर्ग, चिकमगळूर, बिळिगिरीच्या डोंगरउतारांवर. अरेबिका जातीच्या फळांचा गर धुऊन काढतात आणि टपोरे, एकसारखे, निळसर हिरवे दाणेच निवडतात. तिला भरपूर सुगंध, किंचित आंबटपणा आणि मसाल्याची छटा असते. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनऐवजी एकच वाढलेला गोल दाणा. ‘मॉन्सून्ड मलबार’चे दाणे पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी वाऱ्यात फुगवतात, त्यांचा आंबटपणा जाऊन चव सौम्य होते.

एवढी निगुतीने निवडलेली कॉफी घरी वाया घालवू नका. गडद भाजणीत नाजूक चव करपते, म्हणून मध्यम भाजणी मागा. आठवड्यापुरतीच दळून आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पाण्याची उकळी शमल्यावरच ते फिल्टरमध्ये ओता. पहिला घोट दूध-साखरेविना घ्या. दाण्याची खरी ओळख तिथेच पटते. मग खुशाल दूध घाला!