एमपीथ्रीचे ‘फ्लॅक’ : फाईल वाढते, आवाज परतत नाही

वारणानगरचे नाव साखर कारखाना आणि दूध संघ यांमुळे सर्वदूर पोचले, तसेच ते मुलांच्या वारणा बालवाद्यवृंदामुळेही पोचले. १९९८ मध्ये या परिसरातील ७० गावे संगणकांनी जोडण्यासाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेण्यात आला. संगीत आणि संगणक या दोहोंची अशी लवकर ओळख झालेल्या भागाला आज एक प्रश्न लागू पडतो. स्नेहसंमेलने, भजने, कीर्तने आणि वाद्यवादनाच्या जुन्या कॅसेट एकदा संगणकावर एमपीथ्री स्वरूपात उतरवल्या गेल्या असतील, तर आता कायमच्या जतनासाठी त्या फाईल ‘फ्लॅक’सारख्या लॉसलेस, म्हणजे हानिरहित, स्वरूपात बदलणे कितपत उपयुक्त आहे?

त्याचे थोडक्यात उत्तर असे, की बदल करता येतो. मात्र त्याने गेलेले काहीही परत मिळत नाही.

काय वगळले जाते?

सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटमध्ये आणि दोन वाहिन्यांवर नोंदलेले असतात. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. या हिशेबाने एक मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी आणि तासाला सव्वासहाशे एमबींहून अधिक जागा लागते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणकाची हार्ड डिस्क जेमतेम काही जीबींची असे. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने विकसित केलेल्या एमपीथ्रीने हाच आवाज १२८ केबीपीएस दराने सुमारे एक-अकरांश जागेत बसवला. ती त्या काळाची गरज होती आणि एमपीथ्रीने ती उत्तम भागवली.

ही बचत मानवी श्रवणाच्या मर्यादेवर आधारलेली आहे. मोठ्या आवाजाच्या सान्निध्यात त्याच पट्टीजवळचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. एमपीथ्री असे ‘झाकले गेलेले’ तपशील ढोबळमानाने नोंदते किंवा टाकून देते. १२८ केबीपीएसला साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुधा पूर्णपणे कापला जातो. तंबोऱ्याचे वरचे स्वयंभू स्वर, झांजेची लांबत जाणारी झंकार आणि सभागृहाचा सूक्ष्म निनाद यांना त्याची झळ बसते. तबल्याच्या किंवा ढोलकीच्या थापेच्या अगोदर क्षणभर अस्पष्ट खरखर उमटते, तीही याच प्रक्रियेची खूण होय.

‘फ्लॅक’चे तत्त्व वेगळे आहे. २००१ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. त्यात संख्यांमधील पुनरावृत्ती शोधून जागा वाचवली जाते; एकही नमुना वगळला जात नाही. फाईल उघडल्यावर मूळ बिट जसेच्या तसे मिळतात. मात्र हे ‘मूळ’ म्हणजे फ्लॅकच्या हाती जे दिले गेले ते. एमपीथ्री दिली, तर तिचे सारे दोषही तितक्याच निष्ठेने जपले जातात. चार मिनिटांची चार एमबीची फाईल वीस-पंचवीस एमबीची होईल, पण तिच्यातील माहिती तितकीच राहील. उसाची साखर होते. साखरेचा पुन्हा ऊस होत नाही, हे वारणाकाठी वेगळे सांगावयास नको.

फसवे लेबल

जागा वाया जाणे हे यातील लहान नुकसान होय. मोठा धोका असा, की पुढील पिढी ‘फ्लॅक’ हे नाव पाहून ती फाईल अस्सल समजेल आणि मूळ कॅसेट निरुपयोगी म्हणून टाकून देईल. ध्वनीचा वर्णपट दाखविणाऱ्या प्रणालीत १६ किलोहर्ट्झपाशी सरळ कापलेली रेषा दिसली, तर फाईलचा उगम एमपीथ्रीत असण्याचा दाट संशय घ्यावा.

हरवलेल्या आवाजाची किंमत कोल्हापूर जाणतो. येथील दरबाराचे गायक उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ मध्ये निवर्तले. त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज मात्र तबकड्यांवर राहिला आणि १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळातही गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या कार्याशी संबंधित सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही आहे. अशा संग्रहात शब्दांइतकेच श्वास, सूर आणि भोवतालचे आवाज अभ्यासाचे असतात. नेमके तेच बारीकसारीक आवाज आकुंचन-प्रणाली अनावश्यक ठरवू शकते.

मग करावे काय?

मूळ कॅसेट उपलब्ध असेल, तर एमपीथ्रीला हात न लावता कॅसेटवरूनच नव्याने मुद्रण करावे. कॅसेटच्या कडेवरील प्लास्टिकच्या कळ्या आधी मोडाव्यात, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. चांगल्या डेकचे हेड साफ करून, त्याचा कोन जुळवून, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दराने वेव्ह किंवा फ्लॅक फाईल तयार करावी. ९० मिनिटांच्या कॅसेटला वेव्हमध्ये सुमारे तीन जीबी लागतात. एक टीबीच्या डिस्कवर अशा तीनशे कॅसेट मावतात. खरखर काढणे, आवाज वाढवणे हे संस्कार मूळ फाईलवर न करता तिच्या प्रतीवर करावेत.

मूळ कॅसेट नष्ट झाली असेल, तर एमपीथ्री हाच मूळ दस्तऐवज ठरतो. तो आहे तसाच ठेवावा. फाईलचे नाव बदलले तरी चालेल. पुन्हा एमपीथ्री करून साठवणे मात्र टाळावे, कारण प्रत्येक फेरीत आणखी तपशील गळतात. संपादन आवश्यक असल्यास एकदाच फ्लॅक करून काम त्यावर करावे आणि ‘उगम : एमपीथ्री’ अशी नोंद फाईलमध्ये लिहावी. लॉसलेस रूपांतराचा योग्य उपयोग येथे आहे.

शेवटी, स्वरूप कोणतेही असो, एकाच डिस्कवर भिस्त ठेवू नये. निदान तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, असा दंडक असावा. फ्लॅक फाईलमध्ये मूळ ध्वनीची एक गणिती खूण असते. वर्षातून एकदा ती तपासली की बिघाड वेळीच कळतो. घरातील जुन्या कॅसेटचे खोके रद्दीत जाण्यापूर्वी आधी त्या पुन्हा नीट उतरवून घ्याव्यात. चुंबकीय फीत दरवर्षी जीर्ण होत आहे, आणि तिच्यावरील आवाज पुन्हा मिळविण्याचा दुसरा मार्ग नाही.