सावधान, शांतता आणि तीन अधिकचिन्हे

१९९८ साली रेवदंड्यात माझ्या घरी मॉडेम आला. दोन दिवस तो एकच उत्तर देत होता: 'नो डायलटोन'. रिसीव्हर कानाला लावला की टोन स्वच्छ ऐकू येई. विकणाऱ्याने हात वर केले. शेवटी शब्दकोश शेजारी ठेवून पुस्तिका वाचली आणि 'एटीएक्स३' एवढेच टाइप केले. म्हणजे, टोनची वाट पाहू नकोस, नंबर फिरव. परदेशी यंत्राला आमच्या एक्स्चेंजचा टोन ओळखता येत नव्हता, एवढेच!

'एटी' म्हणजे 'अटेन्शन', आपले कवायतीतले 'सावधान'. अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या १९८१च्या 'स्मार्टमॉडेम'बरोबर ही भाषा आली. 'डी' म्हणजे डायल कर, 'एच' म्हणजे फोन ठेव. 'डी'ला 'पी' जोडला की जुन्या तबकडीसारखे ठोके पडत. आमच्याकडे तोच लागे.

खरी मेख पुढे आहे. संगणकाकडून मॉडेमकडे मजकूर आणि आज्ञा एकाच वाटेने जातात. संपर्क जुळल्यावर जे टाइप कराल ते पलीकडे पोहोचते. मग 'फोन ठेव' हे मजकूर नसून आज्ञा आहे, हे मॉडेमने कसे ओळखावे? हेजच्या डेल हेदरिंग्टन यांनी तोडगा काढला: एक सेकंद शांतता, तीन अधिकचिन्हे, पुन्हा एक सेकंद शांतता. माझ्या मते यातली चिन्हे दुय्यम, शोध शांततेचा आहे. १९८५ साली त्याचे पेटंट मिळाले. स्वामित्वधन चुकवायला काही उत्पादकांनी ती शांतताच गाळली. परिणाम असा, की कोणी खोडसाळपणे '+++एटीएच०' असलेला संदेश धाडावा, तुमच्या संगणकाने तो रीतीप्रमाणे परत पाठवावा आणि जाताजाता तुमच्याच मॉडेमने तो आज्ञा समजून फोन ठेवावा. एसटीडीचे मीटर मोजणाऱ्याला ही थट्टा महागात पडे.

तो मॉडेम भंगारात गेला. भाषा गेली नाही. गेल्या वर्षी शेजारच्या सुपारीच्या वाडीत मोबाइलवर चालणारा पंप अधूनमधून ऐकेनासा झाला. खोक्यात सिमकार्डाचे मॉड्यूल होते. लॅपटॉप जोडून 'एटी+सीएसक्यू' विचारले. हे सिग्नलचे माप, ० ते ३१. ९९ आले तर माप कळत नाही. उत्तर आले ७. अँटेना पंपघराच्या पत्र्याखालून काढून बाहेर माडाला बांधली. पुन्हा विचारले. १६.