लोणारचा खार आणि फ्रान्सची सुरई

वाशीम जिल्ह्यातल्या केनवडहून लोणारचं सरोवर एका दुपारात पाहून येता येतं. उल्केच्या धडकेनं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आपल्याला ठाऊक असतं. पण अकबराच्या काळात अबुल फजलनं ‘ऐने अकबरी’त या परिसराची वेगळीच ख्याती नोंदवली होती: काच आणि साबण करायला लागणारं सगळं सामान इथं मिळतं!

काचेचा आणि खाऱ्या पाण्याचा काय संबंध? नुसती शुद्ध वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. तिच्यात सोडा मिसळला की ती कितीतरी कमी आचेवर वितळते. लोणारच्या दल्ला, खुप्पल, पापडी या खारांत हाच सोडा भरपूर असतो.

फ्रान्सच्या लॉरेन प्रांतात असं सरोवर नव्हतं, पण घनदाट जंगल होतं. लाकडानं भट्टी पेटायची आणि राखेतून पोटॅश मिळायचं. तिथल्या बकारा गावी १७६४मध्ये, पंधराव्या लुईच्या परवानगीनं, काचेचा कारखाना निघाला. पुढे एकोणिसाव्या शतकात तो शिशाच्या स्फटिककाचेसाठी जगभर गाजला. या काचेची युक्ती मूळची इंग्लंडची, १६७०च्या दशकातल्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टची.

शिशानं दोन चमत्कार होतात. प्रकाश काचेत जास्त वळतो आणि त्याचे रंग अधिक फाकतात, म्हणून ती झळाळते. शिवाय काच मऊ होते, त्यामुळे फिरत्या चाकावर तिला खोल पैलू पाडता येतात. मद्याची सुरई, म्हणजे डिकँटर, घडवताना कारागीर फुंकनळीच्या टोकावर तप्त काचेचा गोळा घेतो, फिरवत फुंकतो आणि ओल्या लाकडी साच्यात आकार देतो. मग ती अगदी सावकाश निववावी लागते. घाई केली तर आतल्या ताणानं तडकते. शेवटी बूच त्याच सुरईच्या गळ्याला घासून बसवतात, म्हणून जुन्या सुरयांची बुचं एकमेकींना चालत नाहीत.

लोणारला मात्र ना भट्टी होती, ना फुंकनळी. धडकेच्या क्षणी काही ठिकाणी वातावरणाच्या काही लाख पट दाब पडला. बेसाल्टमधल्या फेल्डस्पारच्या कणांची अणुरचना विस्कटली आणि न वितळताच त्यांची काच झाली, बाहेरचा आकार तसाच राहून! तिचं नाव मॅस्केलिनाइट. शिवाय वितळून उडालेल्या खडकाचे काचमणीही तिथल्या मातीत सापडले आहेत.

स्फटिककाचेची सुरई घरी असेल तर तिच्यात मद्य महिनोन्महिने साठवू नका, शिसं पाझरतं. आणि लोणारला गेलात तर डोळे भरून पाहा, पण खडा उचलू नका. ते अभयारण्य आहे आणि २०२०पासून रामसर स्थळही.