आधी मोजा, मग कात्री लावा

पावसाळा सरला की नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये एक हिशेब मांडला जातो. यंदा किती मिलिमीटर पाऊस पडला, निरीक्षण विहिरींना पाणी कुठवर आलं, माणसांना आणि जनावरांना वर्षभर प्यायला किती लागेल, उरलेल्यात कोणतं पीक किती घेता येईल, हे सगळं ग्रामसभेत आकड्यांनिशी सांगितलं जातं. पाऊस कमी असेल तर जास्त पाण्याची पिकं त्या वर्षी घ्यायची नाहीत, हे तिथेच ठरतं. गावात वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हा तरुण पोरं कामासाठी गाव सोडत होती. पुढच्या काळात गावानं ऊस आणि केळी नाकारली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं आणि दारूही बंद केली. पाणी वाचवा असा उपदेश तर गावोगावच्या भिंतींवर रंगवलेला असतो. इथे फरक पडला तो मोजण्यानं, आणि मोजलेलं सगळ्यांसमोर मांडण्यानं.

घरखर्चाच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. आधी कात्री लावतो, मोजायचं राहूनच जातं. महिनाअखेरीला पैसे कमी पडले की पहिली काटछाट होते ती भाजीत, दुधात, डाळीत. म्हणजे घरातल्या बाईच्या हातात जे असतं त्यात. गाडीचं पेट्रोल, पान-तंबाखू, मोबाइलचा हप्ता, हातउसने आणलेल्या पैशांचं व्याज यांचा हिशेब कुणी मागत नाही. रोज तीस रुपयांची तंबाखू आणि मावा म्हणजे वर्षाला १०,९५० रुपये. त्याच घरात पोराचं अर्धा लिटर दूध बंद होतं, हे मला साफ चुकीचं वाटतं. एक महिनाभर घरातल्या प्रत्येकानं आपापला खर्च एकाच वहीत लिहावा आणि पहिल्या तारखेला ती वही सगळ्यांनी मिळून वाचावी. पैसे कुठे गळतात ते त्या वहीत दिसतं.

वहीत विजेचं बिल मोठ्या अक्षरांत येतं, आणि याच बिलाबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत. शंभर युनिटच्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटना जास्त दर लागतो, असं अनेकजण ठामपणे सांगतात. तसं नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतो: पहिली शंभर युनिटं एका दरानं, १०१ ते ३०० पर्यंतची त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि तीनशेच्या पुढे आणखी चढ्या दरानं. पहिल्या शंभरांचा दर तोच राहतो. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं तर खालच्या टप्प्यात एक युनिट ढोबळमानानं सहा-सात रुपयांना पडतं आणि मधल्या टप्प्यात बाराच्या आसपास. दर अधूनमधून बदलतात, म्हणून आपल्या बिलामागचा तक्ता पाहून घ्यावा. अर्थ एवढाच, की १८० युनिट वापरणाऱ्या घरानं वाचवलेलं प्रत्येक युनिट हे महागातलं युनिट असतं. ८० युनिट वापरणाऱ्या घराला त्याच कष्टाचे निम्मेच पैसे मिळतात. दोन्ही घरांना एकच सल्ला देऊन चालत नाही.

मग कात्री कुठे लावायची? मोबाइलचा चार्जर भिंतीवरून काढा म्हणून पोरांवर ओरडण्यात फारसं काही हाती लागत नाही. खरी वीज खाते ती उष्णता. वीस लिटरची बादली तीस अंशांनी तापवायला साधारण पाऊण युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोजची तीन युनिटं, महिन्याला नव्वद. नगरची थंडी बोचरी असते, गार पाण्यानं आंघोळ करा असं कुणाला सांगायचं नाही. पण जो गीझर सकाळी लावला तो दुपारपर्यंत चालूच, हे टाळता येतं. गच्चीवर सौर बंब बसवता आला तर हा नव्वद युनिटांचा बोजा बराच उतरतो. खेड्यात अंगणातला जुना बंब अजून टिकून असेल तर तो मोडीत घालू नये. शेवगाव-पाथर्डीकडे कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर नुसत्या जाळल्या जातात, त्यापेक्षा त्यांच्यावर पाणी तापलेलं बरं.

दुसरा हिशेब पंख्याचा. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपासचा. दिवसाला पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटं वाचतात. वर्षातले आठ महिने पंखा लागतो असं धरलं तर १६० युनिटं. मधल्या टप्प्यातल्या घराला ही बचत वर्षाला १९०० रुपयांच्या घरात जाते. अडीच-तीन हजारांचा पंखा दीड वर्षात फिटतो. खालच्या टप्प्यातल्या घराला फिटायला जवळजवळ दुप्पट काळ लागतो. त्यांनी जुना पंखा बिघडेपर्यंत वापरावा आणि बदलायची वेळ आली की नवा घ्यावा. चालू वस्तू फेकून नवी घेणं ही दर वेळी बचत असतेच असं नाही.

बिल हातात आलं की नुसता शेवटचा आकडा पाहू नये. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि दारातल्या मीटरवरचा आकडा जुळतो का ते पाहावं. रीडिंगऐवजी सरासरीनं बिल येत असेल तर लगेच तक्रार करावी, कारण तुंबलेल्या युनिटांचं बिल एकदम आलं की घराचं गणित कोलमडतं. कागदी बिलाऐवजी ई-मेल आणि एसएमएसवर बिल घेतलं तर दर बिलामागे दहा रुपये सवलत आहे, वेळेआधी भरलं तर वेगळी. रक्कम लहान आहे, पण ती एकदा नोंद केली की आपोआप मिळत राहते, म्हणून मला ती मोलाची वाटते.

छतावरच्या सौर पॅनलची आता गावोगावी चर्चा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटं देतो. महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट जाळणाऱ्या घरानं याचा विचार जरूर करावा. ज्यांचं बिल सत्तर-ऐंशी युनिटांचं आहे त्यांनी एजंटाच्या भरवशावर कर्ज काढण्याआधी वर्षभराची बिलं समोर ठेवून बेरीज करावी.

गॅसच्या बाबतीत डाळ भिजवणं आणि कुकर वापरणं हे घरोघरी माहीत आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. पण संगमनेर-राहात्याच्या दूधपट्ट्यात ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरं आहेत त्यांनी गोबरगॅसकडे पुन्हा पाहावं. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागतं. नीट चाललं तर त्यातून चार-सहा माणसांचा स्वयंपाक होतो, आणि मळी शेताला मिळते ती वेगळीच. सत्तर-ऐंशीच्या दशकात बांधलेले असे कितीतरी खड्डे नंतर बुजवले गेले, कारण घालणारा-ढवळणारा माणूस घरात उरला नाही. ते काम रोजचं आहे, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

किराण्यात खरी बचत हंगाम ओळखण्यात आहे. उन्हाळ्यात गहू-ज्वारी आल्यावर आडते बाजारातून किंवा थेट शेतकऱ्याकडून वर्षाचं धान्य भरायची रीत नगरमध्ये जुनी आहे, आणि ती आजही फायद्याची आहे, फक्त वाळवायला ऊन आणि साठवायला जागा हवी. पारनेरचा उन्हाळी कांदा नीट पसरून ठेवला तर चार-पाच महिने टिकतो. खरिपाचा लाल कांदा मात्र स्वस्त मिळाला म्हणून गोणीभर आणू नये, तो सडतो. घराजवळ आठवडे बाजार असेल तर तिथे जावं. चालत जाता आलं तर उत्तम, कारण दोन पेंढ्या मेथी स्वस्त मिळावी म्हणून पेट्रोल जाळण्यात काय अर्थ?

ज्या सवलती हक्काच्या आहेत त्या न घेणं हाही खर्चच. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. नगरच्या माळीवाडा स्थानकातून पुण्याला नियमित ये-जा करणाऱ्या घराला हा आकडा लहान नाही. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करावी, मात्र गोळी बदलताना डॉक्टरांना विचारूनच.

इतकं सगळं करूनही अनेक घरांची बचत एका मांडवात संपते. वर्षभर काटकसर करणारं कुटुंब लग्नाच्या चार दिवसांत पाच-सात वर्षांचं कर्ज अंगावर घेतं, आणि हे एकट्यादुकट्यानं थांबवता येत नाही, कारण भीती लोकांची असते. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं हे गणित ज्या रीतीनं सोडवलं ती रीत मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं तिथे सामुदायिक विवाह सुरू झाले. मांडव, भांडी, ध्वनिक्षेपक हे साहित्य तरुण मंडळातल्या दलित तरुणांनी विकत घेतलं. जेवण रांधायचं आणि वाढायचं कामही तरुण मंडळानंच उचललं. १९७६ ते १९८६ या काळात अशी ४२४ लग्नं झाली. या व्यवस्थेत साधेपणाचा आग्रह होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणाच्याही बापाला शेजाऱ्याशी तुलना करून लाजायची वेळ आली नाही. सगळ्यांचा मांडव एकच होता. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ पासून कमी खर्चाच्या लग्नांचा आग्रह धरला तोही समाज म्हणून, एकेकट्या घराला उपदेश म्हणून नव्हे. याच राळेगणमध्ये १९८० मध्ये यादवबाबांच्या मंदिरात धान्य बँक सुरू झाली. ज्याच्याकडे जास्त त्यानं धान्य द्यायचं, अडलेल्यानं न्यायचं आणि पीक आल्यावर थोडं वाढवून परत करायचं. सावकाराच्या दारात जायची एक वेळ तरी टळली.

सावकाराचं व्याज हा घरखर्चातला सर्वांत दडवलेला आकडा आहे. पन्नास हजार रुपये शेकडा पाचनं महिन्याच्या व्याजावर आणले तर नुसतं व्याज महिन्याला अडीच हजार. तेच पैसे बचत गटातून शेकडा दोननं मिळाले तर एक हजार. फरक पंधराशेचा. ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिन्याला मिळणारे पैसेही पंधराशेच. म्हणजे ज्या घरात सावकाराचं कर्ज चालू आहे तिथे ती सगळी मदत व्याजातच जाते. अशा घरानं बल्ब आणि पंख्याचा विचार नंतर करावा. आधी ते कर्ज गटाकडे किंवा बँकेकडे वळवण्याची धडपड करावी. त्यासाठी बचत गटात नियमानं पैसे भरलेले आणि बैठकीला हजर राहिलेले दिसावे लागतात, आणि ती तयारी अडचण येण्याआधीच करायची असते.

शेवटी उरलेला पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न नगर जिल्ह्यात फार जिव्हाळ्याचा आहे. इथे सहकाराची मुळं खोल आहेत, पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, आणि एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणारी माणसंही घरोघरी आहेत. शंभर वर्षांहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. बँक असल्यामुळे तिथल्या ठेवींना माणशी पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू होत नाही, आणि मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीलाही नाही. म्हणून ठेव पावतीवर सही करण्याआधी एकच गोष्ट विचारून घ्यावी: या पैशाला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे का. उत्तर ‘नाही’ असेल किंवा टाळाटाळ होत असेल, तर बुडाले तरी संसार चालेल एवढीच रक्कम तिथे ठेवावी आणि बाकीची पाच-पाच लाखांच्या आत वेगवेगळ्या बँकांत विभागावी. पावत्या कुठे आहेत आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे, हे घरातल्या बाईला माहीत असलंच पाहिजे.